उत्तरदात्याचे नाव: माय

एप्रिलच्या दुपारी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसणं म्हणजे शिक्षाच. कूलर आहे, पण त्याच्या ताट्या जुन्या. पाणी सोडलं की आधी कुजका वास येतो, मग हवा. अशाच एका दुपारी ओजेटीच्या, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग नावाच्या पर्यावरणाच्या इंटर्नशिपच्या, वह्यांचा गठ्ठा समोर घेऊन बसले होते. तिसऱ्या वर्षाच्या पोरांची दैनंदिनी, भरून आणलेल्या प्रश्नावल्या, शेवटी जिथे काम केलं तिथला शिक्का. अशा वह्या तपासताना हात आपसूक चालतो. तारीख, सही, शिक्का, गुण. एका वहीपाशी मात्र तो थांबला. प्रश्नावली सरपणाची होती, दर घरामागे दोन पानं. अकराव्या प्रश्नावलीत ‘उत्तरदात्याचे नाव’ या रकान्यात आधी ‘माय’ लिहिलेलं, त्यावर एक रेघ, आणि पुढे बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, रेशनकार्डावर असतं तसं. खाली सगळं नीट भरलेलं. घरात माणसं पाच. चुली दोन, एक आत, एक सांदवाडीत. गॅस आहे का: आहे. वापर: पाहुणे आले तर. एका मोळीचं वजन: २९ किलो. आणि शेवटचा मोठा रकाना, ‘सरपण गोळा करताना येणाऱ्या अडचणी’. तिथे दोनच शब्द होते: ‘विचारल्या नाहीत’.

बाकीच्या सगळ्या प्रश्नावल्यांमध्ये हाच रकाना वही लिहिणाऱ्या पोराने ओसंडून जाईपर्यंत भरला होता. वाघाची भीती, मानदुखी, कंबर, काटा मोडला तो पिकला, वनखात्याचा बिटगार्ड कुऱ्हाड काढून घेतो, उन्हाळ्यात वाटेत पाणी नाही. फक्त आपल्या घरचाच कोरा. मी त्याला बोलावून घेतलं. रागवायचं नव्हतं, पण ‘मॅडमनं बोलावलं’ म्हटल्यावर पोरगा दाराशीच चप्पल काढून उभा राहिला. गोष्ट त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. मोळीचं वजन किती असा प्रश्न होता म्हणून त्याने मायला विचारलं. ती म्हणाली, “मले का मालूम किलो-बिलो? डोक्यावर रायते तेवढी मोरी.” तेव्हा त्याने डिपार्टमेंटचा ताणकाटा कोठ्याच्या आडूला लटकवला, दोरखंड अडकवून मोळी टांगली. काटा हलत राहिला, मग २९ वर थांबला. माय बाजूला पदराने घाम पुसत उभी होती. आकडा लिहून झाल्यावर तिने विचारलं, “झाला का तुया शारेचा?” आणि मोळी सोडवून चुलीकडे नेली. मी म्हटलं, तुला जड वाटलं असेल. तर म्हणाला, “जड नाही मॅडम, धानाचं पोतं मी याच्याहून भारी उचलतो. पण मी ट्रॅक्टरपासून कोठ्यापर्यंत नेतो. ते जंगलातून आणते.”

“मग अडचणी का नाही विचारल्यास?”

“कसं विचारू मॅडम. मी घरीच रायतो ना.”

या उत्तराला गुण किती द्यायचे, हे आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात नाही. त्या तक्त्यात वक्तशीरपणा आहे, सादरीकरण आहे, ‘समस्येचे आकलन’ही आहे. मी तिथे काहीतरी आकडा टाकला आणि पुढची वही घेतली. पण त्याचं वाक्य तेव्हापासून डोक्यातून जाईना. पर्यावरणाची इंटर्नशिप म्हणजे आपण मुलांना नेमकं काय करायला पाठवतो? दुसऱ्याच्या घरात डोकवायला? आणि ज्याला दुसरं घरच नाही, जो त्याच घरात जेवतो, झोपतो, त्याच चुलीच्या धुराने ज्याचे डोळे चुरचुरतात, त्याने कुठून डोकवायचं?

हे आठवताना मला पुण्याहून आलेली एक मुलगी आठवते. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणारी, एका संस्थेमार्फत नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावात इंटर्नशिपला आली होती. मोठी सॅक, पाण्याची गाळणीवाली बाटली, पायात जाड बूट. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी तिची मनसोक्त टिंगल केली. पण तिला एक गोष्ट येत होती जी आमच्यातल्या कुणालाच जमत नाही: तिला साधा प्रश्न विचारायची लाज वाटत नव्हती. आंगणात बसून एका म्हाताऱ्या बाईला तिने विचारलं, “आजी, मोळी उतरवल्यावर मान दुखते का हो?” आजी आधी हसली. मग बोलायला लागली ती थांबेचना. कुठल्या बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पुन्हा जंगलात गेली, सासूने काय म्हटलं, कुठल्या वाटेवर पाय घसरला, कुठे अस्वल दिसलं आणि मोळी टाकून कशी पळाली. सून पलीकडे भात निवडत होती. तिचे हात थांबले, कारण यातलं निम्मं तिनेही पहिल्यांदाच ऐकलं. घरातल्या माणसाने विचारलं असतं तर आजी म्हणाली असती, आता का नवीन सांगू तुले. त्या मुलीने नंतर चांगला अहवाल लिहिला असणार. इंग्रजीत लिहिला, संस्थेला दिला, पदवी मिळवली. गावात कुणी तो पाहिला नाही. दिवाळीला ती अजून आजीला व्हिडिओ कॉल करते, एवढं मात्र खरं. मला ती मुलगी आवडली होती, आणि तिच्या अहवालाचा राग आला होता. दोन्ही अजून तसंच आहे.

आमच्या विषयाची जन्मकथाच मजेशीर आहे. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवा असं सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा खडसावलं, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. म्हणजे हा विषय कोर्टाने वर्गात आणून बसवलेला. आणि आपल्याकडे जे सक्तीचं होतं त्याचं व्हायचं तेच झालं. पर्यावरणात कुणी नापास होत नाही, म्हणून तो कुणी वाचत नाही. क्षेत्रभेट अभ्यासक्रमात होतीच. पण तालुक्याच्या बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळायला लागले. ‘पाणी प्रदूषण’ एवढ्याला, ‘घनकचरा’ एवढ्याला, रंगीत मुखपृष्ठ हवं असेल तर वर वीस रुपये. एका वर्षी तीन मुलींनी एकच प्रकल्प दिला आणि तिघींच्याही ‘प्रत्यक्ष पाहणी’त मुळा-मुठा नदी होती. तिघींपैकी कुणी नागपूरच्या पुढे गेलेली नव्हती.

आता नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आली. ४ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास काम. कागदावर उत्तम. पण नागपूरच्या मुलाला नीरीसारखी पर्यावरण-संशोधन संस्था आहे, कारखान्यांच्या प्रयोगशाळा आहेत, कन्सल्टन्सीवाले आहेत. आमच्या तालुक्यात काय आहे? राइस मिल, कृषी केंद्र, पंचायत समिती, फॉरेस्टचं ऑफिस. रेंजर चांगला असला तर पाच-सहा पोरं घेतो, रोपवाटिकेत पिशव्या भरायला लावतो, कधी जंगलात ठरलेल्या रेषेवर चालत मोजणी करायला, ट्रॅन्सेक्टवर, सोबत नेतो. उरलेली पोरं कृषी केंद्रात बसतात. तिथला मालक शिक्का द्यायला मनाचा मोठा. एका मुलाने कृषी केंद्रात १२० तास काढून दैनंदिनीत लिहिलं होतं, ‘आज मावा-तुडतुड्याचं औषध मागणारे ग्राहक आले. औषध दिले.’ असं पानोपानी. आधी हसू आलं, मग वाटलं, हाच तर विदर्भातला पर्यावरणाचा सगळ्यात खरा अभ्यास आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कोण कुठलं औषध कशात मिसळून मागतो, दुकानदार काय सांगतो, तोंडाला रुमाल बांधायला कोण सांगतं आणि कोण नाही, हे त्या पोराने काउंटरच्या आतून महिनाभर पाहिलं होतं. पण तसा प्रश्न घेऊन त्याला कुणी तिथे पाठवलंच नव्हतं. मग त्याने जे दिसलं ते लिहिलं: औषध दिले.

जैवविविधता नोंदवहीचं तर विचारू नका. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ज्या कल्पनेसाठी इतकी वर्षं घालवली, ती साधी होती: गावातल्या माणसांना आपल्या भोवतीचं जे माहीत आहे ते त्यांनीच लिहून ठेवावं. २००२ च्या कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही आली. वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, त्यानंतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये दंड. त्या थंडीत आमच्या भागात नोंदवह्यांचा जो पूर आला तो पाहण्यासारखा होता. गाड्या यायच्या, ग्रामसेवकाच्या सह्या घ्यायच्या, जायच्या. नंतर एकदा आमच्या मुलांना एका गावची नोंदवही वाचायला दिली, तर त्यात सुरंगीचं झाड निघालं. सुरंगी, कोकणातली! आमच्याकडे ऐन, धावडा, बिजा, चारोळी, मोह, तेंदू. सुरंगीचा गजरा इथे कुणी पाहिलेला नाही. पोरांनी गावात जाऊन विचारलं. एक म्हातारबा गंभीरपणे म्हणाले, “असन बा, सरकारनं लिवलं त असन. कोनत्या बाजूले हाय, तेवढा सांगा.”

त्या नोंदवहीत सुरंगी होती, पण देवधान नव्हतं. तलावाच्या काठाने आपोआप उगवणारा रानभात, मासेमार ढिवरांच्या बायका पूर्वी झोडपून आणायच्या. आमच्या जिल्ह्यात तलाव गावोगाव. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव म्हणतात. कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचे झाले, गाळ काढणारे हात गेले, बेशरम नावाचं पाण्यात पसरणारं झुडूप माजलं. बेशरमीच्या जाळीत मासा अंडी घालत नाही, पाखरू बसत नाही. इथे अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजासोबत हे काम बरीच वर्षं केलं आहे: बेशरम उपटायची, तलावाच्या पोटात पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, देशी मासे परतू द्यायचे. मुलांना घेऊन असं एक काम बघायला गेले होते. चिखल गुडघ्यापर्यंत. तिथल्या एका बाईने पाण्यात हात घालून मुठीत एक वनस्पती वर काढली, पानं बोटांवर पसरली आणि पोरांना विचारलं, हे कोणत्या माशाचं खाणं सांगा. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला ढिवराचा पोरगा मागे उभा होता. त्याला उत्तर येत होतं हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो बोलला नाही. कॉलेजात तीन वर्षांत त्याने आपली जात, आपल्या बापाचं जाळं, आपल्या अंगाचा माशाचा वास हे सगळं मोठ्या कष्टाने लपवलं होतं. ते सगळ्यांसमोर उघडं करायला चार क्रेडिट पुरत नाहीत. बाईने मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू कोनाचा रे?” तेवढ्यात ओळख निघाली, तिच्या मावसबहिणीचा दीर का कोण. त्यानंतर तो दिवसभर तिच्यासोबत पाण्यातच होता.

पैशाचं बोलायचं टाळतो आपण. इंटर्नशिप म्हटलं की अनुभव, कौशल्य, संधी असे शब्द येतात. आमच्या एका मुलीने मागे एकदा सरळ सांगितलं, “मॅडम, जून-जुलैत नका देऊ. रोवण्याच्या टायमाले माय जाणार नाही, मले जा लागते.” आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार झाले की ते रोवायला बायकांच्या टोळ्या ठरतात. रोवण्याची रोजी रोख, रोजची रोज, आणि जिची कंबर चालते तिला त्या दिवसांत एकही दिवस खाडा परवडत नाही. त्याच दिवसांत गोंदियात सारस पक्ष्यांची मोजणी असते. पहाटे तळ्याकाठी, बांधीच्या धुऱ्यावर दुर्बीण घेऊन बसायचं, जोड्या मोजायच्या. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः याच जिल्ह्यात. माझी फार इच्छा होती की या मुलीने त्या मोजणीत असावं, कारण सारसाचं घरटं धानाच्या बांधीत असतं आणि ते कुठे आहे हे रोवण्याला जाणाऱ्या बाईला वनखात्याच्या आधी कळतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, घरटं दिसलं तर फोन करतो मॅडम. मोजणीला आले ते मोटारसायकल असलेले, घरी शेती बापाने बघायची असे मुलगे.

२०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला महिन्याला १० हजार. केंद्राच्या त्याच वर्षीच्या इंटर्नशिप योजनेत ५ हजार होते, पण ती मोठ्या कंपन्यांसाठी. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. तलावातली बेशरम काढायला रोजगार हमीवर मजूर लागतात, त्यांना मजुरी मिळते. त्याच तलावाची बेशरम कुठे किती पसरली हे चिखलात उतरून मोजणाऱ्या पोराला प्रमाणपत्र. मी हे एकदा मीटिंगमध्ये बोलले. वातावरण जरा थंड झालं, मग कुणीतरी म्हणालं, मॅडम, शिकणाऱ्याला पैसे दिले तर तो शिकेल का? या प्रश्नाचं उत्तर मी अजून देऊ शकते, पण चहा आला आणि विषय बदलला.

सरपणाच्या वह्यांकडे परत येते, कारण पुढे जे झालं ते तिथूनच झालं.

मेंढा-लेखा आमच्यापासून फार लांब नाही. गडचिरोलीचं हे गाव महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात, हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. त्या कामातली देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. मला त्यातली कमी बोलली जाणारी गोष्ट जास्त भावते: अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून त्या विषयाचा अभ्यास करायचा. बाहेरचा जाणकार येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, निर्णयाच्या वेळी मात्र तो बाहेरचाच. अभ्यास हा तिथे ठरवायच्या गोष्टीसाठी केला जातो. आमच्या पोरांचा अभ्यास कुठल्या ठरवायच्या गोष्टीसाठी होता? अहवालाची एक प्रत लायब्ररीत, एक विद्यापीठात, एक मुलाच्या घरी ट्रंकेत. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्याकडे शून्य.

म्हणून आम्ही ठरवलं की सरपणाचा अहवाल त्याच गावात वाचायचा. उन्हं उतरल्यावर, समाजमंदिरात. सरपंचांनी माइक लावला, तो शिट्टी मारायला लागला म्हणून बंद केला. बायका भिंतीकडेने बसल्या, पोरं दारात, एक कुत्रं मधोमध. तीन विद्यार्थी उभे राहिले आणि वाचायला लागले: गावात दररोज दर कुटुंबी सरासरी इतकं सरपण लागतं, मोळीचं सरासरी वजन इतकं, वर्षाचं इतकं टन. टन म्हटल्यावर कुणीतरी हसलं. मग मागून एका बाईने विचारलं, “हे कवा मोजलं?” एप्रिलमध्ये, पोरांनी सांगितलं. “एप्रिलात त आमी पावसाऱ्याचा भरून ठेवतो. मिरगाच्या पहिले घर भरा लागते. श्रावनात कोन जाते जंगलात? तुमी एका महिन्याचा बाराले गुनला का?” गुणलं होतं. पोरांनी एका महिन्याचं बारा महिन्यांना गुणून गावाची वर्षाची गरज काढली होती, आणि तो आकडा चकचकीत तक्त्यात बसवला होता. बाई एवढ्यावर थांबली नाही. लग्नसराईचं सरपण वेगळं, धान उकडायचं वेगळं, हिवाळ्यात शेकोटीचं वेगळं, हे तिने बोटांवर मोजून दाखवलं. दुसरी म्हणाली, मोळी सगळ्यांची सारखी धरू नका, म्हातारीची अर्धी असते आणि तिला दोनदा जावं लागतं. मी आयुष्यात बऱ्याच तोंडी परीक्षांना बसले आहे, परीक्षक म्हणूनही गेले आहे. नमुना कुठल्या ऋतूत घेतला हा प्रश्न इतका नेमका विचारलेला मला आठवत नाही.

मग चर्चा मोळीवरून गॅसवर गेली. उज्ज्वला योजना २०१६ ची, गावात जवळपास प्रत्येक घरात शेगडी आहे. टाकी कितीदा भरता? हशा. एकीने सांगितलं, टाकी संपली की नऊशेच्या आसपास एकदम काढायला लागतात, आणि घरात एकदम नऊशे फक्त धान विकल्यावर असतात. सरपणाला पैसे लागत नाहीत, जीव लागतो. कुणीतरी जंगलातल्या एका जागेचं नाव घेतलं, मागच्या उन्हाळ्यात वाघाने बाई नेली ती जागा. समाजमंदिरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक माणूस उठून म्हणाला, त्या बाजूला बायका जातातच का, तर दोन-तीन बायका एकदम उसळल्या: जवळचं जंगल सरलं म्हणून जातो, हौस म्हणून नाही. या एका वाक्यावर पुढे अर्धा तास वाद झाला. जवळचं जंगल कुणी संपवलं, वीटभट्टीवाल्याला लाकूड कोण विकतो, मोहाखाली पाला जाळून आग कोण लावतो. नावं निघाली. आमची पोरं वही उघडून लिहून घेत होती. ‘अडचणी’च्या रकान्यात यातलं काहीच आलेलं नव्हतं. घरोघरी एकट्याने विचारलं की माणूस दुखणं सांगतो. चार जणांत बसला की कारण सांगतो, आणि कारणात शेजारी असला तर आवाज चढवून सांगतो.

त्या मुलाची माय आली होती. पोरगा वाचत असताना तिने मान खाली घातली होती आणि डोक्यावरचा पदर इतका पुढे ओढला होता की चेहरा दिसत नव्हता. २९ किलोचा आकडा त्याने वाचला तेव्हा शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. काही बोलली नाही. सभा संपल्यावर मात्र तिने माझ्याकडे येऊन विचारलं, “तो काटा कितीचा भेटते बाई?” मी किंमत सांगितली. तिने शेजारणीकडे पाहिलं. मग कळलं की मोहफुलाच्या हंगामात व्यापारी दारात येतो, त्याचा काटा त्याचाच, पायलीत आणि किलोत काय फरक पडतो हे बायकांना दरवर्षी कळतं पण दाखवता येत नाही. बचत गटातून एक काटा घ्यायचं तिथेच ठरलं. आता हा आमच्या इंटर्नशिपचा निष्कर्ष म्हणायचा का? सरपणाच्या अभ्यासातून मोहाच्या व्यापाऱ्याला चाप. अहवालाच्या साच्यात ‘फलनिष्पत्ती’ असा एक मथळा आहे. पोरांनी तिथे ‘जनजागृती’ लिहिलं होतं.

पुढच्या बॅचसाठी विषय कुणी ठरवायचा यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये बरीच चर्चा झाली. शेवटी त्याच गावाला विचारलं. गावाने तीन विषय दिले. गॅसची टाकी वर्षात कितीदा भरली जाते आणि कुठल्या महिन्यात नाही. पूर्वी पाण्यासोबत बांधीत चढणारे मासे कुठल्या औषधानंतर यायचे बंद झाले. आणि मोहाखाली आग न लावता फुलं वेचायला किती वेळ जास्त लागतो, कारण लावू नका म्हणणारे सगळे आहेत, पण तो जास्तीचा वेळ कोण भरून देणार हे सांगणारा कुणी नाही. तिसरा विषय ऐकून आमचे एक सर म्हणाले, हे पर्यावरणात येतं की अर्थशास्त्रात? मी अर्ज पर्यावरणात भरला. मोह मार्चमध्ये गळतो आणि विद्यापीठाची परीक्षाही त्याच सुमाराला लागते, म्हणून कामाचे तास पहाटेचे धरायची परवानगी मागितली आहे, आणि सोबत रोजच्या मजुरीएवढ्या मानधनाचीही. मानधनाच्या पानावर ऑफिसने प्रश्नचिन्ह काढून फाइल परत पाठवली; मी कायद्याचं नाही पण रोजगार हमीच्या दराचं पत्रक जोडून पुन्हा दिली. रोवण्याला जाणारी ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. मोहाचा विषय तिने मागून घेतला. मानधन आलं तर माय पण येईल मोजायला, असं म्हणाली, तिचं पण नाव लिहा लागन मॅडम.